नीलकेतूचं सुतक

आन् मी म्हनतो, तीन तीन खंड कशाला हो पायजेत? एका मानसानं एका डोंगरावरनं एक पेटती ज्योत उचलायची आन् दुसऱ्या गावात नेऊन दिवा लावायचा, यवढं काम! मी मंगळवेढ्यात्नं सोलापुरात आलो तवा बैलगाडीनं दोन दिस लागलं, वाटंत एक चाक बी निगालं, आन् त्ये समदं मी दोन शब्दांत सांगतो... निगालो, पोचलो. झालं की! आन् ह्यो लिवनारा बाबा! दिल्लीचं सरकार बदललं त्ये आमास्नी रेडूवर एका सकाळी कळलं, आन् ह्याच्या राज्यात राजा कोन हाय ह्ये कळायला तीन खंड, तीन म्हैनं, आन् माझी मिशी गेली. मिशीचं सांगतो पुढं. मी हळूच बोलतो, तुमी बी हळूच आयका.

तुमी आज मला हितं वाचनालयात बोलावलं, गळ्यात हार घातला, म्हनला, कोंडीबा, आपल्याकडचं ह्ये तिन्ही खंड पुरं करनारं तुमचंच एक घर, तर वाचक म्हनून चार शब्द अभिप्राय द्या. देतो की. पन आदीच सांगतो, मला वाचाय येत न्हाय. मिलमधी कापडाच्या गाठी उचलन्यात माझा जलम गेला, गाठीवर काय लिवलंय ह्ये मला कदी कुनी इचारलं न्हाय. मी ह्ये पुस्तक आयकलंय. पैल्या पानापासनं शेवटल्या पानापातूर आयकलंय, मांडी मोडून आयकलंय, आन् आयकून बी त्यातलं मला काय उमगलं असंल तर शपथ!

झालं काय, औंदा आला अधिक श्रावन. आमची बजाबाई, म्हंजे माझी मालकीन, तिनं नेम धरला. पोथी लावायची, आन् पोथी पुरी होईस्तवर एकच टाईम जेवायचं. म्हनलं, धर. अधिक म्हैन्यात समद्या बायका धरत्यात. आमची सून यशोदा अकरावी पास हाय, अक्कलकोटची पोर, वाचाय लागली की वाटंनं जानारा सायकल टेकवून उभा ऱ्हातो. म्हंजे वाचनारी घरातच, आयकनाऱ्या गल्लीतल्या बायका, ऱ्हायलं काय? पोथी! ती आनायला मला धाडलं. ज्याला वाचाय येत न्हाय त्याला पोथी आनायला धाडायचं, ही आमच्या घरची रीत बगा.

मी आलो हितंच सात रस्त्याला, ह्या वाचनालयवाल्या गंगाधरपंतांकडं. त्ये बगा बसलेत, हसायलेत. हसा, हसा पंत. पंत म्हनले, “कसली पोथी हवी, कोंडीबा?” मी म्हनलो, राजा पायजे, राक्षस पायजे, वनवास पायजे, लढाई पायजे आन् जाड पायजे, आमच्या मालकिनीला पातळ पोथी पोचत न्हाय. पंत स्टुलावर चडलं, वरल्या फळीवरनं ह्यो एक खंड काडला, त्याच्यावर फुंकर मारली, मी दोनदा शिंकलो, आन् पंत म्हनले, “हे घ्या. तुम्ही म्हणता ते सगळं आहे यात. शिवाय एक बोलणारा घोडा आहे.” आता तुमीच सांगा, घोडा बोलतो म्हनल्यावर त्यो कुन्या तरी देवाचाच असनार का न्हाय? मला काय ठावं, अशी पुस्तकं मानसं नुसती करमनुकीला लिवत्यात म्हनून! मी टोपी काडून कपाळाला लावला खंड, आन् छातीशी धरून घरी घिऊन गेलो.

झालं! लाल फडकं आलं, चौरंग आला, उदबत्ती लागली. यशोदा आंगूळ करून वाचाय बसली, तिनं फडकं सोडलं, आत बगितलं, माझ्याकडं बगितलं, काय तरी बोलनार हुती, तवर बजाबाईनं हात जोडलं, मागं शेजारच्या दगडाबाईनं जोडलं, शरणम्मानं जोडलं... आन् ती पोर गप वाचाय लागली. ती का गप बसली, त्ये बी मला तवा उमगलं न्हाय.

पैल्याच पानावर काय, तर नकाशा! डोंगर, नद्या, किल्लं. मी असला कागद उभ्या जल्मात एकदाच बगितला हुता, तलाठ्याकडं, बांधाच्या भांडनात. मी म्हनलो, हितं बी हद्दीचंच भांडान दिसतंय. सोलापूर कुटं हाय ह्यात म्हनून लई शोधलं मी... यशोदा म्हनली, “मामंजी, ह्यात सोलापूर नाही.” मी म्हनलो, निदान कुर्डुवाडी? जंक्शन हाय त्ये, समद्या गाड्या थांबत्यात तितं. न्हाय म्हनली! दगडाबाईनं तर नकाशाला हळदकुकूच वाहिलं. पंत, त्या पानावर पिवळं पडलंय त्ये दगडाबाईचं हाय, माझं न्हवं, एवढं लिवून ठिवा तुमच्या वहीत.

आन् नावं! बापाचं नाव नीलसेन. बरं. पोराचं नाव नीलकेतू. बरं. चुलता नीलवाहन, त्याचा परधान नीलाक्ष! आरं, एका घरात एवढी नीळ? आमी धोतराला सुद्दा यवढी घालत न्हाय! कोन कुनाला मारतोय, कोन कुनाच्या पाया पडतोय... मी आपला हातात शेंगा घिऊन बसायचो, एक शेंग म्हंजे बाप, एक शेंग म्हंजे चुलता, आन् ध्यान ग्येलं की चुलता तोंडात! बजाबाई डोळं वटारायची, “पोथी चाललीया, चावू नगा!” अगं, मी चावत न्हाय, मी हिशेब लावतोय कोन कोनाचा! 

त्यो नीलकेतू जलमला तवा तर गल्लीत दिवाळी. तुमास्नी ठाव हाय, पोथीत देवाचा जलम आला की पाळना म्हनत्यात, सुंठवडा वाटत्यात. मंग! बजाबाईनं पाळना बांधला, त्यात नारळ निजवला, त्याला कुंची घातली, शरणम्मानं कानडीत एक आन् मराठीत एक असं दोन पाळनं म्हनलं, आन् सुंठवडा सात रस्त्याच्या रिक्षावाल्यांपातूर ग्येला. माझा ल्योक रामहरी, यष्टीत कंडक्टर हाय, त्यो पाळी करून आला, दारात गर्दी बगून इचारतो, “कोण बाळंत झालं?” दगडाबाई म्हनली, “नीलसेनाची रानी.” त्यो म्हनला, “कुठल्या बिऱ्हाडातली?” 

पुढं त्यो पोरगा मोटा झाला आन् निगाला ज्योत आनायला. का, तर राज्यातला दिवा इजला म्हनून सूर्य उगवंना. मी इचारलं, का गं सूनबाई, त्यांच्या राज्यात काडेपेटी न्हाय का? यशोदा म्हनली, “साधी ज्योत नाही मामंजी, बर्फाच्या डोंगरावरचीच लागते.” बरं, लागंना का. तीनशे पानं चालतोय त्यो. ऊन न्हाय, वारा हाय, ज्योत हाताच्या आडूशाला धरलीया, आन् तीनशे पानांत त्या पोरानं भाकरी एकदा सुद्दा खाल्ली न्हाय! घोडा बोलतोय, पन घोडा बी म्हनत न्हाय की धनी, भूक लागली का? मी तर म्हनतो बोलता घोडा असून उपेग काय मंग! आन् राक्षस आला त्यो भलतंच बोलाय लागला, खडाम् खुडूम् दोन पानं. दगडाबाईनं हात जोडलं, मंतर हाय म्हनली. मी शरणम्माला इचारलं, तुमचं हाय का ह्ये? ती म्हनली, “इदु कन्नड अल्ल, अज्जा!” म्हंजे ह्ये कानडी न्हवं. कोपऱ्यावरल्या तेलगू हातमागवाल्याला इचारून आलो, तेलगू बी न्हवं. आन् आख्ख्या पोथीत देव कंचा? त्ये बी न्हाय! बजाबाई म्हनली, “आसंल पुढल्या खंडात.” उमगलं असंल तर शपथ!

दुसरा खंड सरला आन् घात झाला. नीलकेतूला चुलत्यानं कड्यावरनं ढकललं, ज्योतीसकट. खाली धुकं. खंड समाप्त. यशोदेनं पुस्तक मिटलं आन् दगडाबाईनं असा हंबरडा फोडला की नळावरल्या बायका घागरी टाकून आल्या. मंग बायकांची सभा भरली. शरणम्मा म्हनली, परक्याचं सुतक लागत न्हाय. दगडाबाई म्हनली, “परका कसा? पाळना कुनी हलवला? सुंठवडा कुनी वाटला? जलम हितं झालाय, सुतक बी हितंच!” आन् बजाबाईनं मान डोलावली. सपलं. धा दिस फोडनी बंद, पापड बंद. रामहरी ताटावर बसून इचारतो, “आये, कोण गेलं?” “नीलकेतू.” “कोण नीलकेतू?” “लाज न्हाय वाटत इचारताना? त्याच्या बारशाचा सुंठवडा खाल्लास की!” 

आन् मी? घरात वडील मी. धाव्या दिशी मला तळ्याकाठी बशिवला, न्हाव्यानं डोकं केलं, मिशी उतरली. चाळीस वरसांची मिशी! बाप ग्येला तवा उतरली हुती, त्यानंतर आता. भटजी इचारतो, “मृताचं नाव?” नीलकेतू. “पित्याचं?” नीलसेन. “गाव?” मी पोथीतलं सांगितलं, हिमकूट. भटजी म्हनला, “तालुका कोणता?” आता मी काय सांगनार? म्हनलो, माळशिरसकडं आसंल.

आन् तुमास्नी सांगतो, पिंडाला कावळा शिवंना! तीन कावळं झाडावर, खाली बघायलेत, पन शिवंनात. दही घाल, तूप घाल, “तुझी ज्योत आमी नेऊ बाबा” म्हनून पदर पसर... कावळं ढिम्म. दोन तास उनात बसलोय मी, तुळतुळीत डोक्यानं. आन् एकदम बजाबाई उठून उभी ऱ्हायली, डोळं लुकलुक करायला लागलं तिचं. म्हनली, “अवं, कावळा कसा शिवंल? त्यो म्येलाच न्हाय! जित्ता हाय त्यो! तिसऱ्या खंडात असनार!” समद्या बायका म्हनल्या, खरंच की गं! आन् माझी मिशी?

पळत आलो मी पंतांकडं. म्हनलो, तिसरा खंड द्या. पंत म्हनले, “तिसरा बाहेर आहे, कोंडीबा. आमचे एकनाथ मास्तर घेऊन गेलेत, त्यांची बदली झाली जेऊरला.” कदी आननार? “पत्रं टाकतोय दोन महिने.” मी म्हनलो, पंत, मला थांबाय जमनार न्हाय. कारन अधिक म्हैना सरून ग्येलता, आन् बजाबाई अजून एक टाईमच जेवत हुती. पोथी पुरी झाली न्हाय ना! पंतांनी ईचार केला आन् म्हनले, “अहो पण ही पोथी नव्हे, कादंबरी आहे. मनानं रचलेली. सांगा वहिनींना, जेवा म्हणावं.” 

सांगितलं की. जाऊन सांगितलं. म्हनलो, बजा, पंत म्हनत्यात ही पोथी न्हाय, कादंबरी हाय. तर मला म्हनली, “मंग पाळना म्हनला त्यो काय हुता? तुमी डोकं केलं त्ये काय हुतं? पोथी नसती तर कावळ्याला कसं कळलं?” आता ह्याला काय उत्तर हाय? पंत, तुमच्याकडं हाय? मी रोज म्हनायचो, एक घास खा. ती म्हनायची, नेम मोडला तर त्यो पोरगा धुक्यातच ऱ्हाईल.

गनपती आलं, ग्येलं. चाळीस वरसं मी तिच्या हातची भाकरी खातोय, सांजच्याला ती आदी मला वाढनार, मंग माझ्या पुढ्यात बसून आपली कोर मोडनार, आमचं कायतरी बोलनं हुनार... म्हागाईचं, रामहरीचं, पावसाचं. आता ती नुसती वाढायची आन् पान्याचा तांब्या घिऊन बसायची. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापातूर घसराय लागल्या. येक दिस नळावर भोवळ आली, घागर फुटली. मी तिला धरून आनलं तर पोत्यासारखी जड असनारी बाई, हाताला लागंनाच. गाठी उचलनारा मानूस मी, वजान मला हातालाच कळतं... हसू नगा. त्या सांजंला मी बी माझी भाकरी तशीच झाकून ठिवली.

दुसऱ्या दिशी पाशिंजरनं जेऊरला. मास्तर सापडलं, धर्मशाळेशेजारी खोली घिऊन ऱ्हात्यात, येकटा जीव. ओट्यावर बसल्यालं, मांडीवर त्योच खंड! मी हात जोडलं, म्हनलो, सोलापुरात्नं आलोय, ह्यो खंड पायजे. मास्तरांनी त्यो पोटाशी धरला. “नाही देता येणार. माझा व्हायचाय.” किती ऱ्हायलाय? “एक प्रकरण. शेवटचं.” म्हनलो, मंग वाचा की, मी बसतो. तर म्हनले, “महिना झाला, तेवढंच राहिलंय. वाचलं तर संपेल हो! मग मी संध्याकाळी काय करू?” 

आता बगा! तितं माझी बाई सपंना म्हनून जेवंना, आन् हितं ह्यो बाबा सपंल म्हनून वाचंना! ह्या लिवनाऱ्यानं लोकांचं काय करून ठिवलंय, मला उमगलं असंल तर शपथ!

मी काय भांडनारा मानूस न्हाय. मी पायरीवर बसलो. दुपारची गाडी ग्येली. बसलो. मास्तर आत ग्येलं, बाहीर आलं, च्या दिला. बसलो. उनं कलली. शेवटी म्हनले, “अहो, का बसलाय असे?” मी म्हनलो, माझी बायकू जेवंना. आन् समदं सांगितलं... सुंठवडा, सुतक, कावळा. मास्तर आदी हसलं, मंग हसायचं थांबलं. मंग त्येनी आपला टावेल काडला, त्यात खंड गुंडाळला, आन् माझ्या हातात दिला. म्हनले, “शेवटी त्याचं काय होतं, एक कार्ड टाकून कळवा.” मी म्हनलो, मला लिवाय येत न्हाय, मास्तर. तर मानसाच्या तोंडावर कसं उजेड पडल्यासारखं झालं. म्हनले, “मग बरंच झालं!” 

आनला खंड. आन् व्हय, जित्ताच हुता त्यो! कपारीत अडकला हुता, एका म्हातारीनं सांबाळला. गल्लीत पेढं वाटलं, पन भटजीनं नवाच घोळ घातला. ज्याचं किर्याकर्म झालं त्यो परत आला, तर त्याचं जातकर्म पयल्यापासनं कराय लागतं, बारसं पुन्ना. परत पाळना, परत नारळ, परत कुंची! सुंठवडा मीच वाटला, भादरल्या डोक्यानं. रिक्षावाले म्हनाले, “बाबा, दुसरं पोर झालं का?” म्हनलो, न्हाय, त्योच हाय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी शेवटचं पान आलं. पोरानं दिवा लावला, सूर्य उगवला, दगडाबाई रडली. समदे म्हनले, आता गादीवर बस. तर म्हनला, न्हाय! ज्योत दिली, घोड्यावर बसला, आन् धुक्यात निघून ग्येला. कुटं? त्ये लिवलं न्हाय. अरं, मंग आलास कशाला तीन खंड चालत? 

बजाबाईपुढं ताट वाढल्यालं. पुरनाची पोळी, वर तूप. तिनं हात जोडलं आन् म्हनली, “हं. फळ वाच आता.” पोथीच्या शेवटाला असतं की, ही पोथी आयकल्यानं काय फळ मिळतं त्ये, त्ये आयकल्याबिगर पोथी पुरी हुईत न्हाय. यशोदेनं पान उलटलं. मी तिच्या शेजारीच बसलो हुतो, वाकून बगितलं. पानाच्या मध्यावर यवडासा एक शबुद, आन् वर-खाली समदं पांढरं. मंडळी, मला अक्षर वळखाय येत न्हाय, पन कोरा कागद वळखाय येतो. बजाबाई म्हनली, “फळ न्हाय का गं? मंग ही पुरी झाली न्हाय. ताट उचला.” 

यशोदेनं सासूच्या बांगड्यांकडं बगितलं, कोपरापाशी अडकलेल्या. आन् त्या कोऱ्या पानावर बोट ठिवून, अक्षी देवळातल्यागत आवाज लावून, वाचाय लागली! “जो कोणी ही कथा श्रद्धेने श्रवण करील, त्याची वाट चुकलेली माणसे घरी येतील. व्रत करणारीने त्याच दिवसापासून दोन वेळा पोटभर जेवावे, अर्धपोटी राहिल्यास फळ नाही.” बजाबाई म्हनली, “आगं बया!” आन् पोळी मोडली. पैला घास तिच्या तोंडात ग्येला आन् माझं डोळं... असू द्या. मला वाटलं, झालं, आता थांबंल पोर. कुटली थांबती! कोरं पान लई मोटं हुतं. “व्रत करणारी अशक्त झाली असेल, तिने दिवाळी होईतो चुलीपुढे बसू नये.” मी मान डोलावली, बराबर हाय. तिनं बोट आनिक खाली सरकवलं. “आणि वाचणाऱ्या सुनेला, दोन वर्षे पंचमीला पाठविली नसल्यास, एक महिना माहेरी पाठवावे.” 

तिसऱ्या दिशी यशोदा अक्कलकोटच्या यष्टीत. बजाबाईनं सोता साडीचोळी दिली, म्हनली, फळात लिवलंय. मी बोलनार हुतो, पन बजाबाईच्या बांगड्या परत मनगटावर याय लागल्यात, मी कशाला बोलू? 

तर तुमी अभिप्राय इचारलाय. चांगलं हाय का वंगाळ हाय, खरं सांगतो, मला कळत न्हाय. पन त्यो लिवनारा बाबा कदी भेटला, तर त्याला माझा यवढाच निरोप सांगा... बाबा रं, राजा मार, जित्ता कर, घोड्याला बोलू दे, काय बी कर, पन शेवटचं पान कोरं सोडू नगं. ज्येच्या हातात पडंल त्यो त्यात आपल्या मनाचं वाचतो, आन् दोन टाईम भाकऱ्या मला थापाय लागत्यात.